गॅलरीतला उन्हाळा: मोगरा, लाल माठ आणि पुदिन्याची छोटीशी बाग

एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मी गॅलरीत जाते तेव्हा फरशी अजून तापलेलीच असते. पहिला तांब्याभर पाणी कुंडीत गेलं की मातीचा वास येतो. सकाळी हिरवट दिसणाऱ्या मोगऱ्याच्या कळ्या एव्हाना टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र झालेल्या असतात. त्या खुडून ओल्या सुती फडक्यात गुंडाळायच्या आणि वाटीत ठेवायच्या. जेवणं उरकेपर्यंत त्या उमलतात. दोन-चार कळ्या पाण्याच्या माठात जातात, बाकीच्या उशाशी. आमच्याकडे उन्हाळा सुसह्य होतो तो या वाटीमुळे.

आमची गॅलरी पुण्यात, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून आहे. दहा फूट लांब, चार फूट रुंद, त्यात पंधरा कुंड्या. ‘आता उन्हात कशाला, पाऊस पडला की लावा’ असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. पावसाळ्यात झाडं आपली आपण वाढतात, तुमची गरज त्यांना फारशी नसते. उन्हाळ्यात सकाळची पंधरा मिनिटं आणि संध्याकाळची पंधरा मिनिटं त्यांना द्यावीच लागतात आणि त्या अर्ध्या तासातच बागेची खरी ओळख होते. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. उन्हाळ्याला मानवणारीच झाडं लावायची आणि थोडीच लावायची.

आधी ऊन बघा, मग नर्सरीत जा

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी सात, दहा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सहा वाजता गॅलरीत ऊन कुठपर्यंत येतं ते बघा. खडूने फरशीवर खुणा करा. हे काम फार जण टाळतात आणि मग मोगऱ्याला नुसती पानंच का येतात, असं विचारतात.

यात एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या. हिवाळ्यातलं ऊन आणि मे महिन्यातलं ऊन एकाच जागी पडत नाही. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात महिन्याच्या मध्यावर आणि नागपुरात शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. म्हणून दक्षिणेच्या ज्या गॅलरीत डिसेंबरमध्ये आतल्या खोलीपर्यंत ऊन येतं, तीच गॅलरी मेमध्ये वरच्या स्लॅबच्या सावलीत जाते. उत्तरेच्या गॅलरीत मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ लागतं. तेव्हा जानेवारीत बघून ठेवलेल्या उन्हावर विसंबू नका.

पूर्वेची गॅलरी उन्हाळ्यात सगळ्यांत सुखाची. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी सावली. तिथे जवळजवळ काहीही येतं. पश्चिमेची सगळ्यांत कठीण, कारण दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन भिंतीवर आदळतं आणि भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. आमचं तेच आहे, म्हणून या लेखातलं बरंचसं पश्चिमेचा विचार करून लिहिलं आहे. पूर्वेवाल्यांनी त्यातली सावलीची तजवीज निम्मी करावी.

कुंड्या

उन्हाळ्यासाठी मातीच्या कुंडीसारखी कुंडी नाही. माठात पाणी ज्या कारणाने गार राहतं, त्याच कारणाने मातीच्या कुंडीत मुळं गार राहतात. कुंडीच्या अंगातून ओल बाहेर झिरपते, तिची वाफ होते आणि आतली उष्णता जाते. त्या बदल्यात पाणी थोडं जास्त लागतं. काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की कडेची मुळं अक्षरशः शिजतात. प्लॅस्टिकच वापरायची असेल तर पांढरी किंवा फिकट रंगाची घ्या, नाहीतर कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

नवी मातीची कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडीच वापरली तर पहिले काही दिवस मातीतली ओल तीच पिऊन टाकते.

मापाचं साधं गणित असं: मोगऱ्याला बारा इंची, मिरची आणि तुळशीला दहा इंची, पुदिना आणि ऑफिस टाइम या फुलझाडाला आठ इंची पुरते. पालेभाजीला खोली कमी आणि पसारा जास्त हवा, म्हणून सहा इंच खोल पसरट ट्रे किंवा जुनी बादली आडवी कापून घ्या. खाली भोकं हवीतच.

आता वजनाबद्दल. बारा इंची कुंडी भिजलेल्या मातीसकट वीस किलोच्या आसपास जाते. मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवा, गॅलरीच्या बाहेरच्या कडेला सगळं वजन गोळा करू नका. आणि कठड्यावर कुंडी ठेवू नका. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा वारा सुटतो तेव्हा तारेने बांधलेली कुंडीसुद्धा खाली जाऊ शकते आणि खाली मुलं खेळत असतात. यात तडजोड नाही.

माती

नुसती काळी माती कुंडीत घालू नका. शेतात ती सोनं असते, पण कुंडीत सुकली की तडकते आणि भिजली की चिखल होऊन मुळांना हवा मिळत नाही. मी वापरते ते मिश्रण असं: दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दहा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेणखत हातात घेऊन वास घ्या. मातीसारखा वास आला तर ते तयार झालंय. शेणाचा किंवा अमोनियाचा उग्र वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्चं खत मातीत गरम होतं आणि उन्हाळ्यात रोप जाळतं.

कुंडी पूर्ण मातीने भरायची गरज नाही. तळाच्या भोकावर खापरी, तिच्यावर चार बोटं नारळाच्या सोडणाचे तुकडे, मग सुका पालापाचोळा आणि वर माती. सोडण पाणी धरून ठेवतं आणि कुंडीचं वजनही कमी होतं. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पालापाचोळ्यापासून सकस माती तयार करायला कितीतरी लोकांना शिकवलं. शहरात गच्चीवर बाग करणाऱ्यांना तो विचार आजही उपयोगी पडतो. सोसायटीत रोज झाडून जाळला जाणारा पाला मी पोत्यात भरून आणते. तो फुकट असतो आणि विकतच्या कुठल्याही खताइतका मोलाचा.

काय लावायचं

मोगऱ्यापासून सुरुवात करते, कारण बाकी काही लावलं नाही तरी हा लावाच.

नर्सरीत एप्रिलमध्ये कळ्या धरलेलीच रोपं मिळतात. पुण्याकडच्यांनी सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचनच्या बाजूला एक फेरी मारावी, रस्त्याच्या कडेला रोपवाटिकांची रांगच आहे. फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. खालून तीन-चार फांद्या फुटलेलं, हिरव्यागार पानांचं आणि बारक्या कळ्या असलेलं घ्या. पानं उलटून बघा. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो, ते रोप तिथेच ठेवून या. वासाला बट मोगरा उत्तम. हजारी मोगऱ्याला झुपक्याने फुलं येतात, त्याने गॅलरी भरल्यासारखी वाटते. मी दोन्ही ठेवले आहेत.

मोगऱ्याला दिवसाला निदान पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत तो वेलीसारखा लांबत जातो, पानं देतो, फुलं देत नाही. फुलं नव्या फुटव्यांवर येतात, मोगऱ्याची सगळी मेख यातच आहे. एक बहर संपला की फुलून गेलेल्या फांद्यांचे शेंडे दोन-तीन पेरं खाली छाटायचे, मूठ-दोन मूठ गांडूळखत मातीत हलकं मिसळायचं आणि पाणी चुकवायचं नाही. महिन्या-सव्वा महिन्यात नवे फुटवे कळ्या घेऊन येतात. छाटणीला हात धजत नाही हे मी समजू शकते, माझाही पहिल्या वर्षी धजला नव्हता. त्या वर्षी मला मार्चमधला एक बहर मिळाला आणि पुढे नुसता पाला. आता छाटते, तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तीन बहर मिळतात.

पुढच्या वर्षीचा बहर लवकर हवा असेल तर त्याची तयारी थंडीत करायची. डिसेंबरअखेर पाणी कमी करून झाडाला पंधरा दिवस ताण द्यायचा, जानेवारीत छाटणी करून उरलेली पानं काढून टाकायची, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला घरचा गजरा हवा असेल तर एवढं करावंच लागतं.

रंगासाठी ऑफिस टाइम. काही जण त्याला चिनी गुलाब म्हणतात. सकाळी नऊ-दहाला उमलतो आणि दुपार कलली की मिटतो. जाड पानांत पाणी साठवतो, त्यामुळे पश्चिमेच्या उन्हाला भीत नाही. रोप विकत घेऊ नका. ओळखीच्या कुणाकडून तीन-चार बोटं लांबीच्या फांद्या आणा, ओल्या मातीत खोचा, झालं. सदाफुलीही तशीच काटक आणि ती तर फटीतूनही उगवते.

खाण्यासाठी पहिला मान लाल माठाचा. बी खसखशीसारखं बारीक असतं, ते मूठभर कोरड्या मातीत मिसळून ट्रेमध्ये भुरभुरायचं आणि वरून अगदी पातळ थर द्यायचा. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत गुलाबी कोंब दिसतात. दाट आलेली रोपं उपटून तीच कोवळी भाजीत घाला, उरलेली वाढू द्या. पंचवीस-तीस दिवसांत कापणी. मुळासकट न उपटता बोटभर खोड ठेवून कापलं तर पुन्हा फुटतो. लसूण आणि सुक्या मिरचीच्या फोडणीवर परतलेला गॅलरीतला माठ एका वेळी दोघांनाच पुरतो, पण तोडणी आणि कढई यांत दहा मिनिटांचं अंतर असलं की त्या भाजीची गोडी वेगळीच लागते.

मायाळूला उन्हाळा मनापासून आवडतो. भाजीवाल्याकडच्या जुडीतली जाड देठं मातीत खोचली तरी मूळ धरतात. कठड्यावर सुतळी बांधून वर चढवला की पडद्यासारखी सावली मिळते आणि पानांची भजी होतात. पुदिनाही बाजारातल्या जुडीतूनच करा. खालची पानं काढलेल्या जून काड्या पेल्यातल्या पाण्यात ठेवायच्या, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. पुदिन्याला स्वतंत्र कुंडी द्या, नाहीतर तो शेजाऱ्याला जगू देत नाही. आणि त्याला दुपारची सावली लागतेच, पन्ह्याबरोबर त्याची पानं ताजी हवी असतील तर तो आतल्या बाजूला ठेवा. गवती चहाचा एक ठोंब आणि पानओव्याची एक फांदी लावली की स्वयंपाकघराशी बागेचं नातं पक्कं होतं.

कोथिंबीर एप्रिल-मेमध्ये येते, पण लाड करून घेते. धने लाटण्याने हलके रगडून दोन करायचे, सावलीत पेरायचे, रोज शिंपडायचं, आणि तरी ती लवकर फुलावर जाते. मेथी त्या मानाने सोपी. रात्रभर भिजवून पेरा, तीन आठवड्यांत बोटभर वाढली की काढून घ्या, मोठी होण्याची वाट बघू नका.

टोमॅटो आत्ता लावू नका. पारा पस्तीसच्या वर गेला की त्याची फुलं गळतात, फळ धरत नाही. पालकाचंही तेच, लगेच तुऱ्यावर जातो. दोन्ही थंडीसाठी राखून ठेवा. मिरचीचं रोप घरात आधीपासून असेल तर त्याला दुपारची सावली द्या, ते तग धरतं आणि उन्हाळाभर थोड्याफार मिरच्या देतं.

लागवड संध्याकाळीच

नर्सरीतून आणलेलं रोप आल्या आल्या कुंडीत लावू नका. दोन दिवस सावलीत राहू द्या, त्याला तुमच्या घरची हवा कळू दे. मग ऊन उतरल्यावर पिशवी ब्लेडने उभी चिरा, रोप ओढून काढू नका. पिशवीतली लाल माती बऱ्याचदा विटेसारखी घट्ट असते. तो गोळा पाच मिनिटं पाण्यात धरा आणि कडेची माती बोटांनी सैल करा, मधल्या मुळांना हात लावू नका. पिशवीत ज्या पातळीपर्यंत खोड मातीत होतं तेवढंच कुंडीत पुरा. वर दोन बोटं जागा रिकामी ठेवा, नाहीतर पाणी घालताना माती वाहून जाते. पाणी द्या, आणि चार-पाच दिवसांनी हळूहळू उन्हात सरकवा.

पाणी

उन्हाळ्यातली बाग बहुतेक वेळा पाण्याअभावी मरत नाही, चुकीच्या पाण्याने मरते. रोज सगळ्या कुंड्यांना एक-एक मग ओतणं म्हणजे पाणी देणं नव्हे. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर पोटभर द्या, तळातून थेंब येईपर्यंत. ओल लागली तर ती कुंडी सोडून पुढे जा. असं आठवडाभर केलं की कुठल्या कुंडीला किती तहान आहे हे पाठ होतं.

वेळ सकाळी आठच्या आत. मेमध्ये लहान कुंड्या आणि ट्रे यांना संध्याकाळी पुन्हा. भर दुपारी मान टाकलेलं रोप दिसलं तरी धावत जाऊन पाणी ओतू नका. मातीत ओल असूनही पानं दुपारी मलूल होतात आणि ऊन उतरलं की सावरतात. संध्याकाळीही मान वर केली नाही तर मात्र ती खरी तहान.

कधी कधी पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. प्रत्यक्षात माती सुकून आक्रसलेली असते आणि पाणी कडेच्या फटीतून निघून जातं. अशी कुंडी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. कोकोपीट जास्त असेल तर हे हमखास होतं.

पंधरा कुंड्यांना मला दिवसाला साधारण दीड बादली लागते. टंचाईच्या दिवसांत तेवढं पाणीही नजरेत येतं, म्हणून भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी पातेल्यात जमवते. मीठ किंवा साबण गेलेलं पाणी नको. एसीचं पाणी चालतं. वॉटर प्युरिफायरमधून वाया जाणारं पाणी रोज देऊ नका. त्यात क्षार जास्त असतात आणि मातीवर पांढरी पापडी धरते. आलटूनपालटून साधं पाणी द्या.

या सगळ्याहून जास्त पाणी वाचवतं ते आच्छादन. मातीवर दोन बोटं जाडीचा सुका पाला, उसाचं पाचट किंवा सोडणाचे तुकडे पसरा, खोडापासून थोडं दूर. दुपारी आच्छादलेल्या आणि उघड्या कुंडीच्या मातीत बोट घालून बघा, फरक बोटाला कळेल.

कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूच्या डासांची पैदास स्वच्छ साचलेल्या पाण्यात होते. पक्ष्यांसाठी पसरट भांडं ठेवत असाल तर तेही रोज घासून भरा. जरूर ठेवा मात्र. आमच्याकडे बुलबुलाची जोडी रोज दुपारी त्यात अंघोळ करून जाते.

सावली

पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी (शेडनेट) पुरते. पश्चिमेच्या गॅलरीत ती उभी बांधा, दुपारचं तिरपं ऊन अडेल अशी, आणि वर-खाली वारा खेळू द्या. विदर्भ-मराठवाड्यात मार्चअखेरच बांधलेली बरी, पुणे-नाशिककडे एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतं. कोकणपट्टीत आणि मुंबईत ऊन मवाळ पण दमट हवा, तिथे नेटपेक्षा कुंड्यांमधलं अंतर महत्त्वाचं. शेडनेट आणायची नसेल तर जुनी सुती साडी किंवा धोतर बांधा, पांढरं असेल तर उत्तम. मोगरा आणि ऑफिस टाइम नेटच्या बाहेर, पालेभाजी आणि पुदिना आत.

कीड

रोज हात लावत असाल तर कीड वाढायच्या आत दिसते. कोरड्या हवेत लाल कोळी येतो, पानं धुरकट पिवळी पडतात आणि मागे बारीक जाळी दिसते. पानांच्या मागच्या बाजूला सकाळी जोरात पाणी मारा, सलग चार-पाच दिवस. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. त्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण ढवळून ऊन उतरल्यावर फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून न उमलताच वाळत असतील तर आत अळी आहे, त्या कळ्या खुडून बांधून टाका, कुंडीत पडू देऊ नका.

गावाला जाताना

मे महिना म्हटला की चार-आठ दिवस गावाला जाणं आलंच. सगळ्या कुंड्या आतल्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. मधे पाण्याची बादली थोडी उंचावर ठेवा, जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांच्या वाती करून भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. निघण्याआधी दोन दिवस करून बघा, वात किती पाणी ओढते ते कळतं. पालेभाजी जायच्या आदल्या दिवशी कापून खाऊन टाका. शेजारच्यांना किल्ली देता येत असेल तर त्याला तोड नाही, त्यांना सांगा की कळ्या खुडून घेऊन जा.

मृगाच्या आधी

सात-आठ जूनला मृग लागतो. त्याच्या आठवडाभर आधी नेट उतरवून धुऊन ठेवा, कुंड्यांची भोकं काडीने मोकळी करा, ताटल्या काढून घ्या. मोगऱ्याचा शेवटचा बहर एव्हाना ओसरलेला असतो. छाटलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार पेरांच्या काड्या घ्या, खालची पानं काढा आणि पहिल्या पावसाच्या ओलीत पिशव्यांत दोन-दोन पेरं मातीत जातील अशा लावा, सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात फुटतात. मी दर वर्षी सहा पिशव्या करते. आमच्या जिन्यात आता तीन मजल्यांवर मोगरा आहे आणि मे महिन्यात रात्री वर चढताना दुसऱ्या मजल्यापासून वास सुरू होतो.